हमीभाव कुणाच्या नावावर?

(ग्रामीण कार्यकर्त्या बायकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रकात 'हमीभाव आणि धान्याची शेती' हा विषय वाचून सकाळपासून दोघीतिघींनी मला विचारलं, की हा विषय आपल्याकडे कशाला? मारहाण, पोटगी, रेशन, रोजगार हमी यावर आपण बोलतो. भावाचं बोलणं पुरुषांचं. मोंढ्यात माल घेऊन तेच जातात, पट्टी तेच आणतात आणि पैसे कुठे गेले तेही त्यांनाच ठाऊक असतं.

नेमक्या याच कारणासाठी मी हा विषय मागून घेतला. आपल्या ताटातली भाकरी कमी का झाली, खुरपणीचे रोज कमी का झाले, घरात धान्याची कणगी का राहिली नाही, या सगळ्याचा एक धागा दिल्लीत ठरणाऱ्या भावापर्यंत जातो. तो धागा आज जरा सोडवून पाहू.

आधी हमीभाव म्हणजे काय ते पाहू. केंद्र सरकार पेरणीच्या सुमारास जाहीर करतं, की अमुक पिकाला क्विंटलला किमान इतका भाव. बाजार त्याच्या खाली गेला तर त्या भावानं सरकार माल घेईल, असा त्यात शब्द असतो. ही पद्धत १९६५ पासूनची. त्या वर्षी दोन संस्था उभ्या राहिल्या. एक कृषी मूल्य आयोग, ज्याला आता कृषी खर्च आणि मूल्य आयोग म्हणतात. तो भावाची शिफारस करतो. दुसरी भारतीय अन्न महामंडळ. ते धान्य विकत घेतं, साठवतं आणि रेशनसाठी पुरवतं. म्हणजे भाव सुचवणारा एक आणि पोतं उचलणारा दुसरा. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथेच आहे.

भाव आज २२ पिकांना जाहीर होतो, उसाचा वेगळा ठरतो. या २२ मध्ये ज्वारी आहे, बाजरी आहे, नाचणी आहे, तूर, मूग, उडीद, हरभरा आहे. पोतं मात्र मोठ्या प्रमाणावर उचललं जातं ते गहू आणि तांदळाचं. वर्षाला ५०० लाख टनांच्या वर तांदूळ आणि २५० ते ३०० लाख टन गहू सरकार घेतं. भरड धान्याची खरेदी त्यापुढे चिमूटभर. शांता कुमार समितीनं २०१५ च्या अहवालात सांगितलं, की देशातल्या जेमतेम ६ टक्के शेतकऱ्यांचा माल हमीभावानं सरकारी खरेदीत जातो. बाकीच्यांसाठी हमीभाव हा रेडिओवर ऐकायचा आकडा आहे.

आता २०२५-२६ च्या खरिपाचे आकडे ऐका. साध्या धानाला क्विंटलला २,३६९ रुपये. संकरित ज्वारीला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९. कागदावर ज्वारी कितीतरी पुढे आहे. मग ज्वारीचं रान कमी का होतंय? धान एकरी जास्त पिकतं हे खरं, पण तेवढंच कारण नाही. शेतकरी जाहीर झालेल्या भावाकडे पाहून पेरत नाही. माल कोण घेणार, कुठे घेणार आणि पैसे कधी देणार, हे पाहून पेरतो.

याचा सगळ्यात मोठा पुरावा पंजाब. पंजाबी माणूस भात खाणारा नव्हे. १९६०-६१ साली तिथे धानाखाली सव्वादोन लाख हेक्टरच्या आसपास जमीन होती. आज ती ३० लाख हेक्टरच्या वर आहे. त्याच काळात तिथला हरभरा, जो आठ लाख हेक्टरवर होता, तो जवळजवळ नाहीसा झाला. कालवे आले, बोअर आले, वीज फुकट झाली, नवं बियाणं आलं, हे सगळं आहेच. पण मंडईत सरकार उभं आहे आणि शेवटच्या पोत्यापर्यंत घेतंय, ही खात्री नसती तर इतक्या शेतकऱ्यांनी आपलं खाणं सोडून दुसऱ्याचं धान्य पेरलं नसतं. देशाच्या पोटाला त्याचा आधार झाला, हे विसरू नये. ज्या देशाला साठच्या दशकात अमेरिकेच्या गव्हाची वाट पाहावी लागत होती, तो देश स्वतःच्या पायावर उभा राहिला. पण पाणी इतकं खाली गेलं, की ठराविक तारखेआधी भाताची लावणी करू नका असा कायदा पंजाबला २००९ मध्ये करावा लागला.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा राज्यात सुमारे ६० लाख हेक्टरवर ज्वारी होती. आज २० लाखांच्या आत आली आहे. देशात त्या काळी १८० लाख हेक्टरच्या घरात होती, ती ४० लाखांच्या आसपास उरली. ज्वारीला नवं बियाणं मिळालं नाही, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. पहिली संकरित ज्वारी १९६४ साली आली. आपल्याकडे तर खरीप ज्वारीचं नावच 'हायब्रीड' पडलं. हायब्रीडची भाकरी खाऊनच आपल्यातल्या कित्येकजणी वाढल्या. उतारा वाढला, पण वाढलेलं धान्य घ्यायला दारात कुणी उभं राहिलं नाही. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ आले आणि ज्वारी ना सरकारी गोदामात गेली ना रेशनवर आली.

२०१८ मध्ये सरकारनं ज्वारी-बाजरीला 'पोषक धान्य' म्हटलं. त्याच वर्षी संकरित ज्वारीचा हमीभाव १,७०० वरून एकदम २,४३० केला. २०२३ हे साल तर जगभर भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. ज्वारीचं रान काही परत आलं नाही. राज्यात अधूनमधून ज्वारीची खरेदी झाली, काही जिल्ह्यांत ती रेशनवरही दिली गेली. पण दरवर्षी, ठरलेल्या वेळी, जवळच्या केंद्रावर घेतली जाईल अशी खात्री कुणाला आहे? खात्री नाही म्हणून पेरा नाही, आणि पेरा नाही म्हणून खरेदी कशाला, असं सरकारचं उत्तर.

खरिपाच्या ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. आज राज्यात सुमारे ५० लाख हेक्टरवर सोयाबीन आहे. त्याला तेलगिरण्यांचं गिऱ्हाईक आहे, रोख पैसे मिळतात. पण त्याचाही हमीभाव कागदावरचाच. २०२४-२५ चा भाव ४,८९२ होता आणि त्या हंगामात मोंढ्यात चार हजाराच्या आसपास सोयाबीन विकलं गेलं. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून माल परत पाठवत. ओरड झाली तेव्हा कुठे १५ टक्क्यांपर्यंतची सूट मिळाली.

आता यात बाईचं काय गेलं ते पाहू.

पहिलं गेलं ते धान्यातलं वेतन. ज्वारी काढायला, कणसं खुडायला, मळणीला गेलेल्या बाईला मजुरी धान्यात मिळायची. कमी मिळायची, मापात फसवणूक व्हायची, ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. पण पदरात बांधून आणलेली ज्वारी थेट जात्याजवळ जायची. तिची दारू होत नव्हती. सोयाबीन काढणीचं गुत्तं रोखीत ठरतं, बहुतेक वेळा नवराबायकोचं मिळून, आणि पैसे नवऱ्याच्या हातात जातात. सोयाबीन शिजवून लेकरांना खाऊ घालता येत नाही. म्हणजे पीक बदललं तेव्हा घरातल्या धान्यावरचा बाईचा हातही सुटला.

दुसरं, कामाचे दिवस. ज्वारीच्या रानात खुरपणी बाईची, राखण बाईची, कणसं खुडणं बाईचं, कडब्याच्या पेंढ्या बांधणं दोघांचं. सोयाबीनमध्ये तणनाशकाची फवारणी आली, ती पाठीवर पंप घेऊन पुरुष करतो. काढणीला मळणीयंत्र लागतं. ज्वारीचं काढणीचं काम हाडं मोडणारं होतं हेही सांगितलं पाहिजे. रब्बीची ज्वारी मुळासकट उपटताना हातांची सालं निघतात. म्हणून कष्ट कमी झाले तर मला आनंदच आहे. पण कष्ट कमी होणं आणि रोजगार जाणं यात फरक आहे, आणि तो फरक कुणी मोजला नाही.

तिसरं, कडबा. ज्वारी गेली की कडबा गेला. कडबा गेला की दारातली गाय-म्हैस सांभाळणं अवघड. दूध-तुपाचे चार पैसे हे कित्येक घरांत बाईच्या हातातले एकमेव पैसे. चौथं, बियाणं. ज्वारीचं बी निवडून, राखेत घालून, मडक्यात ठेवणारी बाईच होती. आणि पाचवं, भाकरी. एके काळी गरिबाचं खाणं म्हणून हिणवलेली ज्वारी आता विकत घ्यायला गव्हापेक्षा महाग पडते. ती शहरात पिठाच्या पिशवीत चांगल्या भावानं जाते, आणि जिनं ती पिकवली तिच्या घरी रेशनच्या गव्हाची पोळी.

इथवर आपण 'काय गेलं' ते पाहिलं. पण समजा उद्या सरकारनं खरोखरच हमीभावानं ज्वारीचं शेवटचं पोतंही घेतलं, तर तो पैसा कुणाच्या हातात पडेल? माझ्या मते आपला खरा प्रश्न हा आहे.

भाव कसा काढतात ते पाहा. आयोग पिकाचा खर्च काढतो. बियाणं, खत, औषध, मजुरी, असा खिशातून गेलेला खर्च म्हणजे 'ए-टू'. त्यात घरच्या माणसांनी शेतात केलेल्या बिनपगारी कामाची किंमत धरली, की ते होतं 'ए-टू अधिक एफ-एल'. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज धरलं की 'सी-टू'. स्वामिनाथन आयोगानं खर्चाच्या वर किमान पन्नास टक्के धरून भाव द्या असं म्हटलं. शेतकरी संघटना ते 'सी-टू'वर मागतात. सरकार २०१८-१९ पासून 'ए-टू अधिक एफ-एल'वर दीडपट देतं. २०२५-२६ मध्ये संकरित ज्वारीचा हा खर्च क्विंटलला २,४६६ धरला आणि त्याचे दीडपट ३,६९९.

हा वाद मोठा आहे, पण त्यातला 'एफ-एल' आपण नीट पाहिला पाहिजे. घरच्या माणसांचं बिनपगारी काम म्हणजे कुणाचं काम? पहाटे भाकऱ्या थापून शेतात जाणारी, खुरपणारी, पाखरं राखणारी, खळ्यावर उपणणारी ती कोण? म्हणजे आपल्या श्रमाची किंमत दिल्लीच्या हिशेबात धरलेली आहे, तिच्यावर पन्नास टक्के नफाही धरलेला आहे. (मजुरांसाठी केलेला स्वयंपाक, पाणी भरणं, हे तर त्यात नाहीच.) हिशेबात आपण आहोत, पण पैसे जमा होतात ते ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या खात्यावर.

हमीभावानं माल घालायचा तर काय लागतं? नोंदणी. नोंदणीला सातबारा, त्यावर पिकाची नोंद, आधार, बँकेचं पासबुक. ई-पीक पाहणी आल्यापासून पिकाची नोंद मोबाईलवर करायची, म्हणजे मोबाईलही पाहिजे. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या वहिती खात्यांपैकी बायकांच्या नावावर सुमारे १४ टक्के आहेत. आणि सरकारच्याच श्रमबळ पाहणीप्रमाणे ग्रामीण भागात काम करणाऱ्या शंभर बायकांतल्या पंचाहत्तरहून जास्त शेतीत आहेत. म्हणजे शेतात आपण आणि सातबाऱ्यावर ते.

मी एका खरेदी केंद्रावर एका विधवा बाईबरोबर गेले होते. तूर तिनं स्वतः पेरलेली, स्वतः काढलेली. सातबारा मयत सासऱ्याच्या नावावर, वारसाची नोंद दिरानं अडवलेली. नोंदणीवाल्यानं सांगितलं, खातेदाराला पाठवा. खातेदार मेलेला. बाईनं तूर परत नेली आणि त्याच संध्याकाळी गावातल्या व्यापाऱ्याला कमी भावानं घातली. त्या मुलावर मला राग काढायचा नाही, त्याच्या पुढ्यातल्या यंत्रात तशी जागाच नव्हती. बटईनं जमीन करणारी बाई, वनजमिनीचा पट्टा न मिळालेली बाई, टाकलेली बाई, या सगळ्यांची हीच गत.

आता गंमत पाहा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सगळ्यात मोठ्या, १८ वर्षांच्या वरच्या बाईचं नाव लावा असं लिहिलं आहे. म्हणजे धान्य घ्यायला उभी राहते तेव्हा सरकारला ती कुटुंबप्रमुख दिसते. तीच बाई धान्य विकायला आली की कुणीच नसते.

इथे आपल्यातलीच एक मैत्रीण विचारील, आणि तिनं विचारलंच पाहिजे, की ताई, मला तर एक गुंठाही जमीन नाही. भाव वाढला तर मला धान्य महाग पडेल. मी का म्हणून हमीभावासाठी मोर्च्याला जाऊ? हा वाद आपल्याकडे जुना आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. शेतमालाला भाव मिळाल्याशिवाय बाईचे कष्ट सुटणार नाहीत, ही शरद जोशींची मांडणी. दुसऱ्या बाजूनं शेतमजूर बायकांमध्ये काम करणाऱ्यांचा सवाल होता, की मालकाला भाव मिळाला म्हणून मजुरी कुठे वाढते? पुढे संघटनेनंच 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली आणि बायकांच्या नावावर जमीन करा असं गावोगाव सांगितलं. म्हणजे नुसत्या भावानं भागत नाही, हे त्या चळवळीलाही जाणवलं होतं.

माझं म्हणणं असं. भूमिहीन बाईला स्वस्त धान्य शेतकऱ्याला बुडवून मिळायला नको. ते रेशनमधून मिळालं पाहिजे, आणि मिळूही शकतं. सरकार शेतकऱ्याकडून रास्त भावानं घेतं आणि खाणाऱ्याला फुकट किंवा स्वस्त देतं, हेच तर गहू-तांदळाचं चाललं आहे. २०२३ पासून अन्न सुरक्षेचं धान्य फुकटच आहे. त्याच कायद्यात भरड धान्यही रेशनवर देण्याची तरतूद पहिल्यापासून आहे. जे गव्हाला जमतं ते ज्वारीला का जमू नये?

आणि जमतं, हे शेजारी पाहा. कर्नाटकात सरकार नाचणी हमीभावानं विकत घेतं आणि रेशनवर देतं, म्हणून दक्षिण कर्नाटकातली नाचणी टिकून आहे. ओडिशात २०१७ पासून भरड धान्यांची मोहीम चालू झाली. तिथे आदिवासी विकास सहकारी महामंडळ नाचणी हमीभावानं घेतं, खरेदीच्या आणि प्रक्रियेच्या कामात बचत गटांच्या बायका आहेत, काही जिल्ह्यांत अंगणवाडीच्या पोरांना नाचणीचे लाडू मिळतात. सगळं आलबेल आहे असं नाही. पण भाव, खरेदी आणि ताट या तिन्ही गोष्टी एका दोरीत बांधल्या की पीक रानात परत येतं, हे तिथे दिसलं.

म्हणून मागण्या मी चारच सांगते. एक, जिथे ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर पिकते तिथे हंगाम संपायच्या आत सुरू होणारं, दरवर्षीचं खरेदी केंद्र. दोन, घेतलेली ज्वारी त्याच जिल्ह्याच्या रेशनवर, अंगणवाडीत आणि शाळेच्या आहारात. तीन, नोंदणीला सातबाऱ्याची सक्ती नको. ग्रामसभेनं दिलेला 'ही बाई ही जमीन कसते' असा दाखला चालला पाहिजे, आणि पैसे कसणाऱ्या बाईच्या खात्यावर. चार, हमीभाव वाढेल त्या वर्षी शेतीतलं किमान वेतनही वाढलं पाहिजे आणि ते बाईला पुरुषाइतकंच मिळालं पाहिजे. चौथी मागणी सोडून पहिल्या तिघींसाठी भूमिहीन बाईला मोर्च्याला बोलवायचा आपल्याला अधिकार नाही.

सरकार करील तेव्हा करील. पण घरी गेल्यावर करण्यासारखं काही आहे. तलाठ्याकडे जाऊन आपल्या घरचा सातबारा काढून आणा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते स्वतः वाचा. नवरा हयात असताना त्याच्या संमतीनं बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. 'लक्ष्मीमुक्ती' याच नावानं सरकारी सोयही झाली आहे, पण ती माहीत असलेल्या बायका थोड्या. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे. नाव लावताना भाऊ रुसतो, दीर भांडतो, गाव बोलतं, हे मला ठाऊक आहे. एकटीनं जाऊ नका, चौघी मिळून जा. आणि येत्या ग्रामसभेत हे तीन प्रश्न विचारा: आपल्या तालुक्यात हमीभावानं काय काय घेतलं जातं? गेल्या वर्षी गावातल्या कुणाकुणाचा माल गेला? त्यात बायकांची खाती किती?

उत्तरं लिहून आणा. पुढच्या बैठकीत आपण ती एकत्र मांडू आणि मग तहसीलदारांकडे काय घेऊन जायचं ते ठरवू.